नवसीच्या रागाचे ठिपके

एखादी गोष्ट नुसती घडून भागत नाही, तिचा ठिपका व्हावा लागतो. पूर्वी माणसं रडायची, भांडायची, उपाशी राहायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण ते सगळं बिनआकाराचं चाललेलं असायचं. आता तसं राहिलेलं नाही. आता माणूस रडला तर निळा ठिपका, भांडला तर लाल ठिपका, उपाशी राहिला तर पोकळ ठिपका (आत रंग भरायचा नाही, तेवढीच शाईची बचत). हे ठिपके नीट मांडून भिंतीवर लावले की लांबून फार छान दिसतात. जवळ जाऊन बघायला बंदी नसते, पण कुणी जात नाही.

हे शास्त्र शिकवणारं एक कॉलेज मुंबईत आहे आणि नवसीची मामेबहीण हिमानी तिथे शिकते. हिमानीच्या वर्गाला यंदा काम मिळालं होतं ते असं: स्वतःच्या आयुष्यातली एखादी माहिती गोळा करा, मोजा आणि तिचं चित्र करा. वर्ग कामाला लागला. मेहुल नावाच्या मुलाने आपल्या चहात किती बिस्किटं बुडून मेली ते मोजलं आणि त्याची गोधडी शिवली. दर्पणने स्वतःच्या जांभया मोजल्या. मोजायला लागल्यावर त्या वाढल्या, म्हणून त्याला ‘सखोल संशोधन’ असा शेरा मिळाला. एका मुलीने आई फोनवर कितीदा ‘जेवलीस का’ विचारते ते मोत्यांत ओवायला घेतलं, आणि माळ लवकर पुरी व्हावी म्हणून आठवडाभर आईला उत्तरच दिलं नाही. माळ गळ्याला दोन वेढे बसून उरली. आईला सलाईन लागलं.

हिमानीची मात्र पंचाईत झाली. तिला वेळेवर झोप लागायची, वेळेवर भूक लागायची आणि आईबाप दोघं हयात, पालघरला स्वतःच्या ब्लॉकमध्ये सुखात होते. तिने आपल्या आयुष्याचा आलेख काढला तर तो पट्टीने मारलेल्या रेघेसारखा आला. तिचे अनुज सर फार मोठे माणूस. (त्यांनी स्वतःच्या घटस्फोटाचा गालिचा विणला होता आणि तो परदेशात कुठेतरी भिंतीवर आहे.) त्यांनी ती रेघ बराच वेळ पाहिली.

“हिमानी, यात वेदना कुठे आहे?”

“सर, आमच्या घरी वेदना नाहीये.”

“मग नातेवाइकांकडे बघ.”

असं मार्गदर्शन नशिबाने मिळतं. दिवाळी झाल्यावर हिमानी आत्याकडे आली.

हिमानीची आत्या, म्हणजे नवसीची आई जमना. तिचं घर तारापूरच्या अलीकडे खाडीकाठच्या कोळीवाड्यात. घरासमोर मासळी सुकवायचं खळं आणि खळ्यावर वलांडी. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यावर आडव्या दोऱ्या ताणलेल्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, की ऊन-वारा उरलेलं काम करतो. नवसीचा बाप दादू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. तो घरी असला तरी झोपलेला असतो, त्यामुळे त्याची फारशी मोजदाद होत नाही.

आणि नवसी. वय सतरा. दहावीच्या मध्येच तिने शाळा सोडली. (शाळेचं म्हणणं, शाळेने तिला सोडलं. दोघांच्या म्हणण्यात फरक आहे, पण आनंद दोघांनाही सारखाच झाला.) तिची खोपडी सरकायला वेळ लागत नाही, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक. कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून जाताना शेपटी आवरून जातात.

हिमानी आली तो दिवस अमावास्येचा होता. दुपारची भरती, उधाणाची, खाडीचं पाणी फुगून खळ्याच्या कडेला लागलेलं. नवसी गुडघाभर पाण्यात उभी राहून खालच्या दोरीवरचे बोंबील उचलत होती आणि बोलत होती. बोलत होती म्हणजे पलीकडच्या काठावर ऐकू जात होतं.

“बघ तो फेस! खाडीत काय कपडे धुवायला बसलेत काय सगले? आय, बघतेस काय, खालची लायन उचल ना!”

“गप गो,” जमना म्हणाली. “आख्खा पाडा ऐकतंय.”

“ऐकू दे की. दोन वर्सं झाली ऐकतायत. ऐकून कोण काय उखाडलंय?”

गोष्ट साधी होती. वरच्या अंगाला एका कंपनीचा नाला खाडीला मिळतो. (कंपनीचं नाव नाल्यावर लिहिलेलं नाही, त्यामुळे इथेही लिहिता येत नाही.) एरवी ते पाणी खाली पडून असतं. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की भरती ते काळं पाणी उचलते आणि थेट खळ्यावर आणून ठेवते. खालच्या दोरीचे बोंबील भिजतात, वरच्यांना वास लागतो, आणि व्यापारी येतो, एक बोंबील नाकाशी धरतो आणि काही न बोलता टेम्पोत बसतो.

जमनाने तोडगा काढून ठेवला होता. होळीपर्यंत व्यापाऱ्याने माल उचलला तर ठीक. नाहीतर वलांडी उतरवायची आणि नवसीने सालवडच्या पोरींबरोबर रिक्षात बसून बोईसरला पॅकिंगच्या कामाला जायचं. नवसीला हे कबूल नव्हतं. ती म्हणायची, एका खोलीतून कशीबशी सुटलेय, आता दुसऱ्या खोलीत कोण जातंय? मला वारा लागतो. वारा नाय लागला तर मी कुणालातरी चावेन.

म्हणून तिने तक्रारही करून पाहिली होती. पहिल्या ऑफिसात सांगितलं, आमच्याकडे जमीन येते, पाणी येत नाही. दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, पाणी येतं, पण गोडं. तिसऱ्या ऑफिसात खाऱ्या पाण्याचे साहेब रजेवर होते. चौथ्या ऑफिसात साहेब जागेवर भेटले. नवसीने त्यांच्या टेबलावर काळ्या पाण्याची बाटली ठेवून झाकण उघडलं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि रागावून विचारलं, “हे ऑफिसात कशाला आणलं? इथे माणसं बसतात.” हे उत्तर इतकं बरोबर होतं, की नवसी तशीच उठून बाहेर आली. तिने बाटली तिथेच टाकली. ती पुढे शिपायाने संडास धुवायला वापरली. भांडं स्वच्छ निघालं असं म्हणतात.

तर अमावास्येच्या त्या दुपारी हिमानी खळ्याच्या कोरड्या बाजूला उभी होती. नवसी पाण्यातून बाहेर आली, फेसाने भरलेले पाय वाळूत घासत. हिमानीचे डोळे भरून आले होते. तिला वेदना सापडली होती, आणि तीही घरातल्या घरात.

“नवसी, तुला हे नेहमी होतं?”

“काय होतं?”

“राग.”

“राग होत नाय गो. पाणी होतं. राग येतो.”

“तेच,” हिमानी म्हणाली. “पुढच्या वेळी राग आला ना, की तेव्हाच्या तेव्हा मला फोनवर बोलून पाठव. जसा येईल तसा. मी त्याचं चित्र करीन. मोठ्ठं. तुझा राग सगळ्यांना दिसेल.”

नवसीने पदर नसल्यामुळे टी-शर्टला हात पुसले.

“सगल्यांना? सायबांना पन?”

“त्यांनासुद्धा. प्रदर्शन पालघरलाच आहे. मोठमोठे लोक येतात.”

“आनि मग?”

“मग काय, मग त्यांना कळेल.”

नवसीला हा सौदा पटला. दोन वर्षं ती फुकट ओरडत होती; आता तेच ओरडणं जागेवर पोचणार होतं. तेव्हापासून तिने एकही उधाण सोडलं नाही. तिचे निरोप असे असायचे: “आज पुनव. पानी दुसऱ्या बांबूला लागलं. रंग काला, उन्हात निला दिसतो. वास रॉकेलचा, पन गोड. बारक्या चिवन्या मासल्या मेलेल्या वर आल्यात. हिमानी, हे नीट लिव, पानी दुपारी आलं, भरतीला, वरून आलं, नाल्याच्या बाजूने.” मग जिला खास नवसीची म्हणता येईल अशी शिव्यांची एक लांब ओळ, त्यात नाला, कंपनी, साहेब, साहेबांचा रुमाल आणि रुमालाचं खानदान.

हिमानी हे सगळं घेऊन अनुज सरांकडे गेली. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी आलं.

“सुंदर,” ते म्हणाले. “फार सच्चं आहे. फक्त शब्द काढून टाक.”

“सर?”

“शब्द वाचावे लागतात, हिमानी. ऐकावे लागतात. प्रेक्षक बिचारा रविवारी येतो, बरोबर पोरंबाळं असतात, त्याला का त्रास द्यायचा? आपल्याकडे आवाज आहे ना? किती मोठा, किती छोटा, तेवढं घे. मोठ्याने ओरडली, मोठा ठिपका. हळू पुटपुटली, बारका ठिपका.”

“पण सर, ती का ओरडते ते…”

“‘का’ला आपल्याकडे जागा कुठे आहे?” सरांनी कागद पुढे केला. खरंच नव्हती. उजव्या बाजूला चार बोटं मोकळी होती, पण ती जागा मोकळी ठेवायचीच असते. तिला श्वास म्हणतात.

अशा रीतीने कारण गेलं आणि ठिपके राहिले. तरी काम सोपं नव्हतं, कुणी तसं समजू नये. लाल रंग ठरवायलाच आठवडा गेला. कुंकवाचा लाल धार्मिक वाटत होता, रक्ताचा लाल पक्षाचा वाटत होता, शेवटी ताज्या बोंबलाच्या पोटाजवळ असतो तो गुलाबी घेतला, त्यामुळे चित्राला स्थानिक मातीचा (सरांचा शब्द, बोंबील मातीत होत नाही) स्पर्श मिळाला. वरच्या कोपऱ्यात तीन मोठे ठिपके एकाला एक चिकटून गर्दी करत होते. त्यातला एक काढला. (तो पौष पौर्णिमेचा. त्या दिवशी पाणी घराच्या उंबऱ्याला लागलं होतं. पण कोपरा आता मोकळा वाटतो.) नाव दिलं ‘उधाण’. सर म्हणाले, वा, काय रूपक आहे. हिमानी लाजली. तिने ते नाव नवसीच्या निरोपांतून जसंच्या तसं उचललं होतं, आणि नवसीने ते भरतीच्या वेळापत्रकातून.

प्रदर्शनाच्या आधी हिमानीने एक प्रत आत्याला आणून दिली. घरात भरतीचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्याच्याच शेजारी जमनाने ते चित्र लावलं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. गडबड झाली ती दादू जागा झाल्यामुळे.

शहरातल्या माणसाने ते चित्र पाहिलं तर त्याला ठिपके दिसतील. पण कोळ्याच्या डोळ्याला एक खोड असते: समोर काहीही गोल, एका ओळीत, दिवसांप्रमाणे मांडलेलं दिसलं, की तो आधी तिथी शोधतो. दादूने चहाचा कप हातात घेऊन एकदा कॅलेंडरकडे पाहिलं, एकदा चित्राकडे पाहिलं. मोठा ठिपका, अमावास्या. मध्ये बारके. मोठा ठिपका, पुनव. मध्ये बारके. मोठा ठिपका, अमावास्या. त्याने कप खाली ठेवला.

“जमने,” तो म्हणाला. “पोरीला बाहेरचं लागलंय.”

याला म्हणतात माहितीची ताकद. नवसीचं ओरडणं पाडा दोन वर्षं ऐकत होता आणि कुणाला काही कळलं नव्हतं. तेच कागदावर मांडल्याबरोबर दिवेलागणीच्या आत सगळ्या पाड्याला कळलं. अमावास्येला आणि पुनवेलाच जिला चढतं तिला काय झालेलं असतं, हे सांगायला कॉलेज लागत नाही. बाया येऊन चित्र बघून जायला लागल्या. शेजारची मंगला बोटाने ठिपके मोजून म्हणाली, “बाय बाय बाय, काय ठलक दिसतंय! आमच्या सासूला लागलं हुतं तवा असं कागद-बिगद काय नवतं, चार वर्सं डॉक्टरलाच पैसे घालत बसलो.”

“मला काय नाय लागलंय!” नवसी किंचाळली.

“बघ बघ,” मंगला म्हणाली. “आज तर नवमी हाय. वाढत चाललंय.”

नवसीने कॅलेंडर आपटलं, “अगो, उधान! उधानाला पानी येतं म्हनून मी वरडते! पानी!” पण लागीर झालेलं माणूस सगळ्यात आधी हेच सांगतं की मला काही झालेलं नाही, आणि त्यातून पाण्याचं नाव घ्यायला लागलं म्हणजे तर पाण्यातलंच असणार. हा मुद्दा कुणालाच खोडता आला नाही.

भगत बोलावला. आत्माराम भगताचा लौकिक मोठा. त्याने उतरवलेलं परत चढल्याची तक्रार आजवर आलेली नाही (ज्यांच्यावर चढलं ते तक्रार करायच्या अवस्थेत नव्हते). अमावास्येला भर दुपारी खळ्यावर मांडणी झाली. नारळ, लिंबं, काळं कोंबडं, अगरबत्त्या. नवसीला मध्ये बसवलं. ती बसली, कारण दोन मावश्या तिच्यावर बसल्या होत्या. भगताने अंगात आणलं, केस सोडले, आणि बरोबर त्याच वेळी उधाणाचं पाणी खळ्यावर चढलं. काळं, फेसाळ. ते भगताच्या घोट्याला लागलं. लिंबं तरंगून निघाली. नारळही त्यांच्या मागून गेला. कोंबडं दोनदा शिंकलं आणि सुटून पळालं.

भगताने पाय वर घेतला. मग दुसरा घेतला. मग दोन्ही आळीपाळीने घ्यायला लागला, आणि लोकांनी हात जोडले, कारण त्याचं इतकं जोरदार कधी आलं नव्हतं.

“फार कडक हाय!” भगत ओरडला. “झोंबतंय! हे गावचं नाय! हिंदीत बोलतंय! हे बोईसरवरून आलंय!”

“तेच तर मी सांगते!” मावश्यांच्या खालून नवसीचा आवाज आला.

तिच्या आयुष्यात कुणी तिच्याशी इतकं सहमत झालेलं नव्हतं. पण आत्माराम भगत पाय खाजवत रिक्षात बसला तो परत आला नाही. दवाखान्यात त्याला मलम दिलं आणि विचारलं, कशात पाय घातला होतात? तो म्हणाला, साहेब, व्यवसायाचं गुपित आहे.

आता राहिलं पालघरचं प्रदर्शन. नवसीने सगळी आशा त्यावर ठेवली होती. पाड्यातली माणसं अडाणी, त्यांना ठिपका बघून भूत दिसलं; तिकडे शिकलेली माणसं येणार, ती बरोबर विचारणार, की बाबा ही पोरगी का ओरडते? तिने नवा ड्रेस घातला. जमनाही आली, जरीचं लुगडं नेसून, डोक्यात अबोली.

हॉल थंडगार होता. भिंतीवर मेहुलची बिस्किटं, दर्पणच्या जांभया, आणि मधोमध पुरुषभर उंचीचं ‘उधाण’. सगळी गर्दी त्याच्यापुढे होती. लोक दोन पावलं मागे सरकायचे, मान तिरकी करायचे आणि ‘अंऽऽ’ असा आवाज काढायचे. एका बाईने विचारलं, हे पडद्याच्या कापडावर छापून मिळेल का. अनुज सर सांगत होते, “यात किनाऱ्यावरच्या स्त्रीचा आदिम संताप आहे.”

“आदिम म्हंजे?” जमनाने हळूच विचारलं.

“म्हणजे फार जुना, आत्या,” हिमानी म्हणाली.

“जुना नाय बाय. नाला दोन वर्सापूर्वी काढला.”

पाहुण्या म्हणून चंद्रकांता मॅडम आल्या होत्या, जन-संवेदना व सादरीकरण मंडळाच्या अध्यक्षा. (हे मंडळ लोकांच्या भावना गोळा करतं. गोळा करून कुठे ठेवतं याची माहिती मागवता येते. ती पोकळ ठिपक्यात मिळते.) हिमानीने नवसीला चित्राशेजारी उभं केलं. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“तूच का ती? केवढीशी आहेस. आणि राग केवढा!”

नवसीने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. किती दिवस वाट पाहिली होती.

“मॅडम, तो राग नाय. म्हंजे राग हाय, पन तो पान्याचा हाय. हा मोठा ठिपका हाय ना, त्या दिवशी पानी दुसऱ्या बांबूपर्यंत आलं. हा, त्या दिवशी चिवन्या मेल्या. आनि हितं एक ठिपका होता, तो काढलाय यांनी, त्या दिवशी तर पानी घरात…”

“किती सहज बोलते,” मॅडम सरांना म्हणाल्या.

“ऐकून घ्या ना! नाल्यातून कालं पानी येतं! माल वास मारतो! व्यापारी घेत नाय! होलीपर्यंत माल गेला नाय तर आमची वलांडी उतरतेय!” नवसीचा आवाज चढला. चित्रापुढची गर्दी तिच्याकडे वळली. “तुमी लोकं ठिपके काय बघताय! खाडी बघा ना, अर्ध्या तासावर हाय! चला, आत्ता चला, मी दाखवते!”

मागे काहीतरी हललं म्हणून तिने वळून पाहिलं. दर्पण फोनवर तिच्या आवाजाची उंची मोजत होता. त्याने बोटांनी खूण केली, मोठा, अजून मोठा, आणि एका मुलीने स्टुलावर चढून ‘उधाण’वर एक नवा गुलाबी ठिपका चिकटवला. ओला, ताजा, सगळ्यात मोठा. उजवीकडच्या मोकळ्या श्वासात तो इतका बरोबर बसला, की जणू ती जागा त्याच्यासाठीच राखून ठेवली होती.

हॉलने टाळ्या वाजवल्या. अनुज सर पुढे आले. “जिवंत माहिती,” ते म्हणाले. “हे आपल्याकडे पहिल्यांदाच होतंय.”

नवसीने ठिपक्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. एकदा तोंड उघडलं. त्या मुलीने स्टुलावर दुसरा ठिपका तयार धरला. नवसीने तोंड मिटलं.

मग कुणी काही विचारलं तरी ती बोलली नाही. दर्पणचा फोन सपाट रेघ दाखवायला लागला. सर थोडे नाराज झाले, पण चंद्रकांता मॅडमचा चेहरा उजळला. “पाहिलंत? व्यक्त व्हायला मिळालं आणि शांत झाली. हेच आमच्या मंडळाचं काम.” त्यांनी नवसीला राग आला की दाबायचा एक रबरी चेंडू दिला. फोटो निघाला. फोटोत सगळे चेंडूकडे बघून हसताहेत. जमना तेवढी नवसीकडे बघतेय.

घरी जाताना रिक्षात जमनाने विचारलं, “वरडली का नाय गो परत? नेमी तर वरडतेस.”

“वरडले की ते चित्र चांगलं होतं, आय,” नवसी म्हणाली.

त्यानंतर तिने हिमानीला एकही निरोप पाठवला नाही. मंडळाच्या अहवालात याची यथायोग्य नोंद झाली: उपक्रमापूर्वी राग भरपूर, उपक्रमानंतर शून्य, सबब सदर खाडीकाठचा प्रश्न शंभर टक्के सुटला आहे. पाण्याला हा अहवाल कुणी वाचून दाखवला नाही, त्यामुळे ते पुढच्या पुनवेला पुन्हा आलं. तो चेंडू दादूने जाळं तरंगायला बोय म्हणून बांधून पाहिला. बुडाला.

होळीच्या आधी व्यापारी आला. त्याने एक बोंबील नाकाशी धरला, जमनाकडे पाहिलं आणि टेम्पोत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादूने आणि तिने मिळून वलांडी उतरवली. नवसी दोऱ्या गुंडाळत होती. हिमानीचा फोन आला: चित्र आता मुंबईला लागणार आहे, त्याला चौकट स्थानिक साहित्याची हवी असं सर म्हणतात, आत्या, तुमचे ते बांबू आहेत का? बांबू तयारच होते.

नवसी आता बोईसरला पॅकिंगला जाते. खोली आहे, वारा नाही. अजून कुणाला चावलेली नाही. कंपनीच्या (नाव इथेही लिहिता येत नाही) दारातून आत गेलं की साहेबांना भेटायला येणाऱ्यांसाठी सोफा ठेवलाय आणि सोफ्याच्या वर ‘उधाण’ लावलंय. साहेबांनी प्रदर्शनात बघितल्याबरोबर मागवलं, मुंबईहून उतरल्यावर इथे आलं, सोफ्याच्या रंगाला जातं. नवसी रोज त्याच्यासमोरून जाते. परवा अमावास्येला ती तिथे जरा थांबली तर वॉचमन म्हणाला, “क्या देख रही है, समझता है क्या तेरे को?”

“मेरा है,” नवसी म्हणाली.

वॉचमन इतका हसला की त्याला खोकला लागला. तेवढं एक हसू त्या दिवशीचा मोठा ठिपका ठरलं असतं, पण कुणी मोजलं नाही.

तर असं आहे. चित्राच्या छोट्या प्रती अजून मिळतात, आणि त्यांना वास येत नाही. हिमानीचं पुढच्या वर्षाचं काम सुरू झालंय. या वेळी विषय आहे, नवसीची हकीकत वाचून लोकांना किती वाईट वाटतं. तुम्ही इथपर्यंत वाचलंत म्हणजे तुम्हाला थोडंफार वाटलंच असणार. थोडं वाटलं असेल तर बारका ठिपका, बऱ्यापैकी वाटलं असेल तर मध्यम, आणि डोळ्यांत पाणी आलं असेल तर मोठा. मोठे ठिपके कमी पडतायत, तेव्हा लाजू नका.

कशाचं वाईट वाटलं ते मात्र कळवू नका. त्याला जागा नाही.